पानाविना दगड

बार्शी, ४ नोव्हेंबर २०२४

चि. साक्षीस,
सप्रेम जयभीम आणि अ. उ. आ.

तुझ्या आईला जाऊन या महिन्यात वर्ष होतंय. तुला घेऊन एकदा खिंडीची पायवाट चालावी, असं मनात आहे. तिच्या माहेरी आपण त्याच वाटेने जायचो. आता डोंगर फोडून घाटरस्ता झाला आणि लोक चालणंच विसरले. पण मी विचारतो, ही वाट कुणी पाडली? गावातल्या रस्त्याला ज्यांच्या पावलांचा विटाळ व्हायचा, त्या आपल्या आज्या-पणज्यांनी! आजारी पोर, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्यांनी इथूनच नेलं. ती वाट गवताखाली जाऊ द्यायची?

खिंडीतली आपली खूण आठवते? पुढे गेलेल्याने ढिगावर दगड ठेवायचा. दगडाखाली पळसाचं पान असलं, तर तो थांबलेला नाही. पान नसलं, तर पलीकडे विहिरीपाशी वाट बघतोय. आई नेहमी मागे राहायची. मी नेहमी नुसता दगड ठेवायचो.

ये. संध्याकाळी हे घर फार मोठं होतं.

तुझा,
बाबा

पुणे, ९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
साक्षीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्ही सभा घेता आणि मला श्रोत्यांत बसवता, म्हणून लिहितेय. बँकेत तपासणी चालू आहे, रजा मिळत नाही. एकट्याने खिंड चढायची नाही. गुडघ्यांपुढे भाषण चालत नाही.

इकडे राहायला या म्हटलं, की तुम्ही म्हणता पुण्यात तुम्हाला ओळखणारं कुत्रंही नाही. मलाही नाही, बाबा. डबा मी एकटीच खाते.

रागावलात तरी माया कमी करू नका.

आपली,
साक्षी

बार्शी, १८ नोव्हेंबर

चि. साक्षीस,
सप्रेम जयभीम आणि अ. उ. आ.

गेलो. आता रागाव.

आपल्या टेंपोवाल्या इलाहीबक्षने पायथ्याला सोडलं आणि तो घाटरस्त्याने पलीकडे विहिरीपाशी जाऊन थांबला. वाट अजून आहे. कातळाला धरून, कमरेएवढ्या कुसळातून चढते. वरून अलीकडे कोवळी ज्वारी आणि पलीकडे तुरीचा पिवळा फुलोरा दिसतो. जन्मभर हजारोंपुढे बोललो, त्या सवयीने चार वाक्यं मोठ्याने बोललो. डोंगराने ती परत केली. टाळी वाजली नाही.

दगड ठेवून उतरलो आणि विहिरीच्या काठावर बसलो. इलाहीबक्षच्या बिड्या संपल्या. शेवटी तो म्हणाला, की भाऊ, उन्हं उतरली की, आता कुणाची वाट बघायलाव? तेव्हा ध्यानात आलं. दगडाखाली पान ठेवायचं राहिलं होतं. हाताने जुनी सवय पाळली होती आणि मी तुझ्या आईची वाट बघत होतो.

परत चढून पान ठेवायची ताकद नव्हती. दगड तसाच आहे.

तब्येतीला जप.

तुझा,
बाबा

विहिरीपाशी, रविवार, २४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल रात्री निघाले. कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शीला उतरले आणि घरी न येता इलाहीबक्षकाकांना गाठलं. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हटल्यावर ते म्हणाले, की बाप तशी लेक, दोघं मिळून माझ्या टेंपोचं वाटोळं करणार.

कुसळांनी ओढणीची चाळण झाली. खिंडीत तुमचा दगड ढिगावर सगळ्यात वर आहे. तुमच्यानंतर कुणी आलेलंच नाही. खाली हात घालून पाहिलं. पान नव्हतं. म्हणून घाईने उतरले, तर विहिरीपाशी फक्त काका!

हे चुकलं तुमचं. नुसता दगड ठेवणाऱ्याने मागचं माणूस येईपर्यंत उठायचं नसतं, असं आई सांगायची. मागचं माणूस मीही असू शकते, हे तुमच्या ध्यानात आलं नाही.

काका हे पत्र घेऊन निघालेत. त्यांच्याबरोबर या. दोघांपुरत्या भाकरी आणा. भाषण आणलंत तरी चालेल, ऐकेन.

तुमच्या दगडाशेजारी माझा ठेवलाय. त्याच्याखाली पान नाही.

आपली,
साक्षी