मंगरूच्या हातचा परकर

सोमवार, ५ डिसें. १९३८
दिपोटीसाहेबांचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांचा, हुकूम आला. आमच्या शाळेचा शिपाई मंगरू आमगावहून घेऊन आला, वाटेत त्यावर तेलाचा डाग पाडून. प्रत्येक मुलीने निळा परकर नि पांढरं पोलकं घालायचं. जानेवारीत तपासणी. त्या दिवशी जी या पोशाखात नसेल किंवा गैरहजर असेल, तिचं नाव चौथीच्या परीक्षेला जाणार नाही.
चौथीत मुली मोजून पाच. चौघींच्या घरचे शिवतील कुरकुरत. राहिली सोमारी. टोल्यावरची, गावाबाहेरच्या वस्तीतली, गोंडांची पोर, अकरा वर्षांची. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं जाडंभरडं लुगडं, पोलकं नाही, पदरच खांद्यावरून करकचून घेतलेला. त्यातच झाडावर चढते, त्यातच तळ्यात उतरते, आणि अपूर्णांक माझ्याआधी सोडवून मोकळी होते. चौथी पास झाली की भंडाऱ्याला पुढच्या शाळेत घालायची, पुढे मास्तरीण करायची, हे मी मनाशी केव्हाच ठरवून बसले आहे. तिला अजून बोलले नाही.

गुरुवार, ८ डिसें.
सो.ला म्हटलं, बापाला सांग परकर शिवायला.
"कायले जी? हे फाटलं कुठं हाये?"
साहेबांचा हुकूम आहे म्हटलं. ती स्वतःच्या लुगड्याकडे बघत बसली, तिथे काही घाण लागली आहे का ते शोधत.

रविवार, ११ डिसें.
काल आमगावला जाऊन दिपोटीसाहेबांना भेटले. एका मुलीपुरती सूट द्या, हुशार आहे, म्हणून गयावया केली. "आज एकीला दिली की उद्या दहा येतील, बाई. पोशाखात शिस्त हवी." हे माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे बघून. खरंच, माझ्याइतकी शिस्त कोणाच्या पोशाखात आहे! बारा वर्षांची होते, बांगड्या उतरवल्या नि हे अंगावर आलं. मला कोणी विचारलं होतं? आणि आता मीच त्या पोरीला...
वरून "हो साहेब" म्हणून आले. नोकरी आहे.

बुधवार, १४ डिसें.
परकर-पोलकं मीच शिवलं. गोंदियाहून कापड मागवलं, निळं बरं मिळालं. हातशिलाई, टाके वाकडे आहेत, पण घेर छान पडला. उगाच दोनदा उलगडून पाहिला.
टोल्यावर स्वतः नेऊन द्यायचं मनात होतं. पण गेले की पाण्याचा तांब्या पुढे येणार. प्यायले तर पाटलीणबाई त्यांच्या घरात मला चुलीजवळ येऊ द्यायच्या नाहीत, आणि मी राहते त्यांच्याच पडवीत. नाही प्यायले तर त्या माणसांचा अपमान. मंगरू राहतो टोल्यावरच. त्याच्या हाती पाठवला. सुटले बाई.

शनिवार, १७ डिसें.
सो. दोन दिवस नाही. धानाची मळणी चालली आहे, घरी हवी असेल.
मंगरू आज नवं मुंडासं बांधून आला. परकर दिलास का?
"देला जी. त्याहीनं लय मान केला. पाय धुवाले पानी देलं, मोहाची देली."
एका परकराला एवढा पाहुणचार! मी हसले. बरं वाटलं उलट.

मंगळवार, २० डिसें.
आज मुलींकडून कळलं. मधल्या सुट्टीत कुजबुज, खिदळणं. दटावलं तेव्हा एक म्हणाली, "बाई, सोमारीचं जमलं ना. मंगरूबाच्या पोरासंगं, फागूसंगं."
जमलं म्हणजे?
"लगीन. त्याहीच्या घरून कपडा गेला."
मंगरूला बोलावलं. हा मान खाली घालून उभा. टोल्यावर रीत अशी: मुलाच्या बापाने हाताने नवा कपडा मुलीच्या दारात नेला म्हणजे ती मागणी. आतल्यांनी पाणी, दारू दिली म्हणजे होकार. मंगरू सहा देवांच्या कुळातला, सोमारीचा बाप सात देवांच्या. सोयरीक होते. एकाच देवांचे असते तर भाऊबंद म्हणून कोणाच्या मनातही आलं नसतं.
"अरे, मग तिथेच सांगायचं होतंस, बाईंनी पाठवला म्हणून!"
"सांगतलं जी. थे हासले. बाई कायले पाठवन, म्हने. तू लाजून राहिला, म्हने."
"मग?"
"मंग गिलास हातात आला. नाई म्हनता नाई आलं." वर म्हणाला, "सून शिकलेली येन तं वाईट काय आहे, बाई?"
फागूही भला पोरगा आहे. वाईट कोणीच नाही, हीच तर पंचाईत.

शुक्रवार, ३० डिसें.
गेले एकदाची टोल्यावर. सोमारीच्या आईने तांब्या आणला, मी घटाघटा प्यायले. पाटलीणबाईंचं व्हायचं ते होवो.
सोमारीचा बाप लच्छू, कमी बोलणारा. सगळं सांगितलं: परकर माझा, कापड माझं, टाके माझे. ऐकून घेतलं त्याने.
"आता पानी पेल्या ना बाई. थ्या दिवशी कपडा घेऊन तुमी याले पायजे होतं."
तांब्या बाजूला सरकवला.
मोडता येईल का विचारलं. येईल, म्हणाला. माघी पुनवेला पंच बसतात, त्यांच्यासमोर कपडा परत करायचा. पण तोवर तिच्या अंगावर तो गावाला दिसता कामा नये. दिसला की पक्कं झालं, मग पंचही काही करत नाहीत.
मी दुसरा शिवून आणते म्हटलं, फिक्या निळ्या रंगाचा.
"गाव रंग पाहते का जी? नवा कपडा दिसला का थोच म्हनन."
तुमच्या मनात काय आहे, विचारलं. पोरीचं लग्न आज ना उद्या करायचंच, फागू घरचाच. पण शिकून राहिली तर शिकू दे, असंही. दोन्ही एकाच सुरात बोलला. बाप वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.
सो. भिंतीआडून ऐकत होती. निघताना म्हणाली, "बाई, मी एकडाव घालून पाहेलो. घरातल्या घरात. लय मस्त फिरते."

बुधवार, ४ जाने. १९३९
तपासणी सोमवारी, नऊ तारखेला, आणि माघी पुनवेला अजून महिना आहे. साहेबांना पुन्हा निरोप पाठवला, तपासणी पुढे ढकला. "सोयीचं नाही" असं उत्तर आलं. गोंडांच्या पंचांसाठी तपासणी ढकला म्हणणारी मीच पहिली असेन. हसले असतील कचेरीत.
मंगरूशी बोलणं टाकलं होतं. आज त्याने आपणहून घागर भरून दिली.

रविवार, ८ जाने.
उद्या दिपोटीसाहेब. मुली शाळा सारवायला आल्या होत्या. सो.ही आली, जुन्याच लुगड्यात, कोपरापर्यंत शेण. सगळ्यात जास्त जमीन तिनेच सारवली. चौघीजणी आपापल्या परकरांच्या गोष्टी सांगत होत्या. ही ऐकत होती, मधून हसत होती.
परकर घालून आली तर परीक्षेला बसेल, पण टोल्याच्या नजरेत फागूची झाली. मग भंडारा कुठला नि शाळा कुठली. लुगड्यात आली तर साहेब नाव कापणार, माझ्यासमोर, माझ्याच शाईने. घरी राहिली तरी तेच. दिवसभर हेच उलटसुलट करते आहे. तो तांब्याभर पाण्याचा धाक मला नसता तर आज ही वेळ नसती. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायला जागाच नाही.
सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली. हात धुतले, पदराला पुसले.
"बाई, उद्या काय नेसून येऊ?"
माझ्यावर सोडून उभी राहिली, गणिताचं उत्तर बरोबर आहे का विचारावं तशी. मी शाळेत शिकवते, मला माहीत असणारच.
मी म्हटलं, सकाळी सांगते.
"हाव," म्हणाली, आणि पळाली.