बॉरो, लेंड आणि सासरची पत्रं

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी कुठं इंग्रजी कानावर पडलं की मी अजून ताठ बसते. नेकनूरच्या शाळेत तुम्ही तेव्हाच्या सरकारी नियमानं पोरांना उर्दूतून शिकवायचात आणि घरी आलात की चुलीपुढं मला इंग्रजी. आई भाकरी थापतेय, तुम्ही माझ्या हातात वाटी देता. "जा, शेजारच्या खालाकडून विरजण आण. हे बॉरो. उद्या तिला लागलं अन् आपण दिलं, की ते लेंड. आपण दोन्हीला उसनंच म्हणतो, म्हणून घोळ होतो." तसंच घागर घरात आणली की ब्रिंग, बाहेर नेली की टेक. आई करवादायची, "पोरीला तालुकदार करायचं हाय काय?" तुम्ही नुसते हसायचात.

कारण सांगितलंत ते लग्न ठरल्यावर. "सासरी तुझं पत्र आधी घरचे वाचतील, मग टपालात पडंल. मराठी वाचतील, उर्दू वाचतील. इंग्रजी तिथं कुणाला येत न्हाई. खरं काय ते मला त्यात लिही." किती लांबचं बघितलंत हो! पण त्याच आठवड्यात तुमचे शाळेतले सोबती चहाला आले, तुम्ही कौतुकानं मला विचारलंत, आणि मी बॉरो-लेंडची अदलाबदल केली. "लई दिवे लावलेस! दगडाला शिकवलं असतं तर बरं," म्हणालात. सगळे हसले. मी आत जाऊन पदरात तोंड घालून रडले.

आष्टीला सासरी माझी पत्रं धाकटे दीर लिहायचे, खाली दोन ओळींची जागा मला सोडायचे. "मी सुखरूप आहे." तापानं फणफणले तरी जातं सुटत नव्हतं, आणि जेवायला उरलंसुरलं. तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ, "चुकलं तरी चालेल, पण लिही." दीर विचारायचे, काय चुकलं? मी घागर उचलून पाण्याला जायचे. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेल्याची चिठ्ठी आली. माहेरी गेले तेव्हा आई म्हणाली, शेवटपर्यंत टपालवाल्याच्या वाटेकडं डोळे लावून होते. माझा जीव तुटला, अण्णा. आजही तुटतो.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? पेटीत साड्यांखाली ठेवीन. लेकींना मी सांगत आले, चुकायच्या भीतीनं लिहिलं नाही. खोटं आहे ते. मला सगळं येत होतं. मी तुमच्यावर रुसले होते. तुम्ही समजूत काढायला याल, म्हणून थांबले होते.