मुंग्यांच्या झाडाला करवत

ती. कुसुमावतीताईंस झाशीहून भूषणचा साष्टांग नमस्कार.

दम्याचा त्रास कमी असेल, अशी आशा. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त उजवा हात भोपळ्याएवढा सुजल्यामुळे डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुमची बहीण, माझी अंबिका, आषाढात गेली तेव्हापासून प्रत्येक फोनवर तुम्ही एकच सांगता, अंगणातलं ते अवदसा झाड आधी काढा. ते तिने केरळातल्या एका बागेतून आणलं होतं. (वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई सहलीहून साडी थोडीच आणणार.) नाव सिक्रोपिया, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. जंगल जळून जमीन उघडी पडली, की पहिलं म्हणे हेच उगवतं. खोड बांबूसारखं पोकळ, आत मुंग्यांचं बिऱ्हाड. झाड त्यांना देठापाशी पांढरे दाणे खाऊ घालतं आणि मुंग्या झाडाला हात लावणाऱ्याला फोडून काढतात. (त्या परदेशी मुंग्या झाशीत कुठून येणार? पण इथल्या लाल मुंग्यांना खोल्या रिकाम्या दिसल्या आणि त्या राहायला आल्या.) अख्खा उन्हाळा अंबिका दवाखान्यात होती. मी भेटायला गेलो की आधी विचारायची, "पाणी घातलंत?" रोज चार बादल्या घातल्या. झाड दुमजली झालं. ती घरी आली नाही.

तुमच्या शब्दाखातर मंगळवारी करवत घेऊन स्टुलावर चढलो. फांदीला दात लागले मात्र, मुंग्या बाहीतून थेट काखेत. मी करवत, चष्मा आणि स्टूल एकदमच सोडलं. शेजारचे तिवारीजी धावत आले. "अरे भाईसाब, इस उमर में पेड़ से दुश्मनी!" दवाखान्यात लग्नातली अंगठी कापून काढावी लागली. कापताना नर्सने विचारलं, "आंटीजी साथ नहीं आईं?" मी म्हटलं, "घर पर हैं।"

उद्या इलाइट चौराह्यावरून दोन लाकूडतोडे येताहेत. संध्याकाळपर्यंत तुमच्या मनासारखं होईल.

आपला,
भूषण

ता. क. लाकूडतोडे येऊन गेले. त्यांनी दोर बांधला, कुऱ्हाड उचलली आणि मी म्हणालो, "रहने दो भैया।" का, ते त्यांना हिंदीत सांगता आलं नाही. तुम्हाला मराठीतही सांगता येत नाहीये.

पुन्हा ता. क. आमच्या लेकाला, अक्षतला, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देतो. तुमचा फोन सोडला तर आषाढापासून या घरात कुणी माझ्याशी मराठी बोललेलं नाही. महिनाभर येऊन राहा. झाड काढा म्हणून रोज भांडा. मी काढणार नाही.