वाढीव बावीस सेकंद

शाह आलम,
१९ एप्रिल २०२४

प्रिय अबांग,

अस्सलामु अलैकुम. तू खुशाल असशील अशी आशा करते. मी ठीक आहे. आईचा रक्तदाब आटोक्यात आहे आणि गोळ्या ती वेळेवर घेते. तुझा फोन बंद लागतो, म्हणून सीमेपलीकडच्या सोंखला बंदरावरच्या चहावाल्याचा पत्ता शेजारच्या माक नाहकडून मिळवला. धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला, अबांगला, जाब विचारू नये हे मला कळतं. तरी नोकरी सोडून सीमेपलीकडे निघालास, ते मला शेजाऱ्यांकडून कळावं, हे बरं नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपण टीव्हीवर जे पाहिलं, त्याबद्दल लिहायचं आहे. तुला बऱ्याच गोष्टी माहीत आहेत. तरी क्रमाने मांडते, कारण तू घाईत निष्कर्ष काढला आहेस असं मला वाटतं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गावात नऊ दिवस टीव्हीसाठी चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं. बाबांना एका कोळ्याचं काम मिळालं होतं. संवाद नव्हता, फक्त घराकडून समुद्राकडे चालत जायचं. बारा तारखेला सकाळी सात वाजता तो शॉट घेतला. शॉट संपल्यावर ते तसेच पुढे आपल्या होडीकडे गेले, जाळं काढायला. ते परतले नाहीत, होडीही सापडली नाही. तू चौदा वर्षांचा होतास, मी आठ. दहा आठवड्यांनी ईदला चित्रपट लागला, तेव्हा आईने तो एकदाच पाहिला आणि नंतर कधी नाव काढलं नाही.

मूळ चित्रपट चौऱ्याहत्तर मिनिटांचा आहे. या वर्षी वाहिनीला तोच ब्याण्णव मिनिटांचा करून हवा होता. ते काम आमच्या संकलनाच्या ऑफिसला मिळालं आणि ऑफिसने ते मला दिलं. न वापरलेल्या चित्रणाच्या दोन टेप शाबूत निघाल्या. त्यातून लग्नाच्या जेवणाचा प्रसंग सहा मिनिटांनी वाढला. विहिरीवरचं दोन जावांचं भांडण मूळ आवृत्तीत अर्ध्यावर तोडलं होतं, ते आता पूर्ण आहे. आजारी म्हातारा मुलाला पत्र लिहायला सांगतो, तो भाग अगदी नवा आहे. शेवट तोच आहे.

आणि सदुसष्टाव्या मिनिटाला बाबा समुद्राकडून घराकडे येताना दिसतात. संध्याकाळचा उजेड आहे. बावीस सेकंद.

आई कशी उठून उभी राहिली, ते तू पाहिलंस. "थांबवा! मागे न्या!" असं ओरडली, तेव्हा माक नाह म्हणाली, "अगं बाई, हा टीव्ही आहे, बैलगाडी नाही थांबवायला." आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "संध्याकाळ आहे ती. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत आला होता आणि मला कुणी सांगितलं नाही." मग तू विचारलंस, "आला होता, तर घरी का नाही आला?"

मी केतुपातच्या भातावरची विणलेली पानं सोडवत बसले होते. आठ-दहा सोडवून झाले, इतके खाणारं कुणी नव्हतं.

सध्या एवढंच सांगते की तो शॉट वेगळ्या दिवसाचा नाही. परत ये. तुझ्या मुकादमाशी मी बोलले आहे, महिनाभर तो जागा भरणार नाही.

तुझी बहीण,
वानी


शाह आलम,
३ जून २०२४

प्रिय अबांग,

तुझं पत्र मिळालं. तब्येत बरी आहे म्हणतोस, पण अक्षर तसं सांगत नाही. बंदरावर बर्फाच्या लाद्या वाहायचं काम पाठीला झेपेल तेवढंच कर.

तू लिहितोस, "तुला काय आठवणार? तू तेव्हा एवढीशी होतीस. शर्टाचा खिसा उजवीकडे आहे, बाबांचा तसला शर्टच नव्हता. भांगही दुसऱ्या बाजूला आहे. दुसरा दिवस, दुसरा शर्ट. आपल्याला टाकून गेलेला माणूस कपडे बदलणारच."

खिसा उजवीकडे आहे, कारण मी तो शॉट उलटवला आहे. आरशात दिसतं तसा. तो सकाळी सातचाच शॉट आहे, त्याच शर्टातला.

पडद्यावर घर डावीकडे आहे आणि समुद्र उजवीकडे. बाबा डावीकडून उजवीकडे जातात. चित्र उलटवलं की ते उजवीकडून डावीकडे येतात आणि बघणाऱ्याला वाटतं, घरी आले. मागे फक्त माडांची रांग आहे, ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. कडेला एका होडीचा नंबर दिसत होता. तो उलटा वाचला गेला असता, म्हणून चित्र थोडं मोठं करून मी तो कापला. आपल्याकडे सूर्य समुद्रातून उगवतो, म्हणून जाताना ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं. उलटवल्यावरही ते चेहऱ्यावरच राहिलं, मात्र आता जमिनीकडून येणारं. रंगात थोडा तांबूसपणा वाढवला की ती संध्याकाळ होते. या सगळ्याला मला चाळीस मिनिटं लागली. लांबी भरायला बावीस सेकंद कमी पडत होते, म्हणून केलं. आमच्या धंद्यात हे नेहमी करतात. खिशाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

हे मी ईदच्या दिवशीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

गेल्या शनिवारी गावी जाऊन आईला सांगितलं. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात तिच्याशेजारी खाली बसले. ती मासे साफ करत होती.

"आई, हे बघ. हा मूळ शॉट. आता मी हे बटण दाबते."

"दाब."

"दिसलं? तोच शॉट. बाबा तेच, पावलं तेवढीच."

"परत दाब."

मी दाबलं. बाबा गेले. दाबलं. बाबा आले. तिने अकरा वेळा दाबायला लावलं. हात धुतले नव्हते, म्हणून पडद्याला बोट न लावता लांबूनच त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवत होती.

"जाताना चेहरा वेगळा आहे," ती म्हणाली.

"चेहरा तोच आहे, आई. फक्त उलटा."

"मी सतरा वर्षं त्याच्याबरोबर संसार केला. तू मला त्याचा चेहरा शिकवणार?" मग मासा उचलला आणि म्हणाली, "तुझ्या यंत्रात जाणं पण आहे आणि येणं पण आहे. मग जाणं तेवढं खरं आणि येणं खोटं, हे कुणी ठरवलं? तू?"

मी म्हटलं, "हो. मीच केलंय ते."

"तुझ्या साहेबाने सांगितलं असेल तसं बोलायला."

निघताना माक नाहने मला कुंपणापाशी गाठलं. दर महिन्याला मशिदीत गावातल्या मृतांची नावं 'मरहूम' म्हणून वाचून दुआ करतात, त्या यादीतून आईने बाबांचं नाव काढायला लावलं. अठरा वर्षं ते तिथे होतं. इमाम आईला म्हणाले, "चेक वान, राहू दे, दुआ कुणाला लागत नाही का?" आई म्हणाली, "जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचून तुम्ही त्याचं आयुष्य कमी करताय." इमामांनी तिच्यासमोर नाव खोडलं.

अबांग, बाबा बुडाले. त्या दिवशी सकाळी. ते आपल्याला सोडून गेले नाहीत. तू ज्या माणसावर रागावला आहेस, तो कधी नव्हताच. हे पत्र दोनदा वाच, मग बस पकड.

वानी


शाह आलम,
२८ जुलै २०२४

प्रिय अबांग,

सलाम. तुझं पत्र परवा आलं. तू पट्टानीला एका जहाजाच्या स्वयंपाक्याला टीव्हीवरून काढलेला फोटो दाखवलास, आणि तो म्हणाला, हा माणूस मी पाहिलाय, पलीकडच्या किनाऱ्यावर जाळी शिवतो. म्हणून तू आता रानोंगला चालला आहेस. लिहितोस, "तुझं बटणाचं सगळं पटलं असं धर. तरी त्या माणसाने ओळखलं, त्याचं काय? त्याने तर तुझा चित्रपट पाहिलेला नाही." आणि खाली, "सापडले की आधी हात उगारेन, मग पाया पडेन."

त्या स्वयंपाक्याने पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या एका कोळ्याचा फोटो पाहिला. असे त्या किनाऱ्यावर किती असतील, ते तुलाही माहीत आहे. पण हे मी वाद म्हणून लिहीत नाही. गेल्या दोन पत्रांत पुरेसे वाद घातले. तुझी जागा भरली गेली, मुकादमाने फोन करून सांगितलं.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी चूक लिहिली होती. लांबी कमी पडत नव्हती. चित्रपट ब्याण्णव मिनिटांचा आधीच झाला होता, सेकंदापर्यंत मोजून. बाबांसाठी मी विहिरीवरच्या भांडणातले बावीस सेकंद काढले. ते चांगले सेकंद होते, धाकटी जाऊ रडता रडता हसते ते. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी नंतर पाहिलं आणि विचारलं, "हा कोळी परत कशाला येतो? गोष्टीत तर तो येत नाही." मी म्हटलं, गती थोडी सावरते. ते म्हणाले, "बरं, तुला कळतं त्यातलं."

टेपवर तो शॉट पहिल्यांदा पाहिला तेव्हा ऑफिसात माझ्याशिवाय दोघे होते, म्हणून मी काही बोलले नाही. फोकस तपासला, आवाज तपासला. मग उलटवून पाहिला. फक्त पाहायचा होता. बाबा घराकडे येताना मला आठवत नाहीत, तुला आठवत असतील. पाहून झाल्यावर तो पुसायला हवा होता. मी तो चित्रपटात ठेवला, म्हणजे एकदा तरी सगळ्यांच्या देखत येतील. एवढाच विचार होता. तुम्ही दोघं त्यावर विश्वास ठेवाल हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी बाकी सगळं तपासलं होतं.

वाहिनीला पत्र लिहून तो भाग काढण्याची विनंती केली. त्यांचं उत्तर आलं, प्रसारण झालेली आवृत्ती बदलत नाहीत. ऑफिसात कारण सांगावं लागलं. आता माझ्याकडे बातम्यांचं काम आहे.

आईला बरं नाही. पाय सुजतात. डॉक्टरांनी दवाखान्यात राहायला सांगितलं, तर म्हणते, "मी तिकडे आणि तो इकडे आला, दार बंद बघून परत गेला तर?" मी म्हटलं, मी थांबते घरी. म्हणाली, "तुला तो ओळखणार नाही. तू एवढीशी होतीस."

फोनवरचा फोटो धूसर आहे असं तू तिला कळवलंस, म्हणून तिने माझ्याकडे नीट छापलेला मागितला. मी मूळ टेपवरून काढला, चेहरा सरळ असलेला. तो खरा चेहरा आहे. तिने तो निरखून बघितला आणि परत दिला. "हा नको. हा जाणारा आहे. तुझ्या अबांगला, रुझैमीला, येणारा पाठव."

मी समजावलं नाही. दुसरा छापला. सहा प्रती सोबत पाठवते आहे, जाड कागदावर, दमट हवेत टिकतील. मागे तुझं नाव आणि माक नाहचा फोन नंबर लिहिला आहे. रानोंगला पाऊस असेल, प्लास्टिकच्या पिशवीत ठेव.

आईने तुला सलाम सांगितला आहे. "घेऊनच ये" म्हणाली.

मरहूम वान देराहमान यांची मुलगी,
हाझवानी