टाकी भरलेली आहे

टुवूम्बा,
११ डिसेंबर

प्रिय फर्गस,

कर्र… टक्. कर्र… टक्. आमच्या कॉराबेलच्या रानात, बोअरवर जी पवनचक्की होती, ती असा आवाज करायची. साठ वर्षं झाली असतील, पण आज सकाळी चहा ओतताना तो आवाज कानात आला आणि किटली हातातच राहिली. मी आणि माझी बहीण मर्ल लहानपणी त्या आवाजावर झोपायचो. वडिलांचं उलटं होतं. आवाज थांबला की ते जागे व्हायचे. "चक्की बोलत नाहीये," एवढंच म्हणायचे आणि बूट चढवायला बसायचे.

तू, शोना आणि धाकटी सुखरूप असाल. इथे डिसेंबरचा उन्हाळा भाजून काढतोय. गुडघा जसा होता तसाच आहे. बागेतल्या जॅकरँडाची फुलं यंदा लवकर झडली, खाली सगळा जांभळा चिखल. मर्ल मजेत आहे. नवरा, क्लॅरी, गेल्यापासून त्या एवढ्या मोठ्या रानावर गुरांमध्ये एकटीच असते, पण आता तिला सवय झालीये.

आता मुद्द्याचं. तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. मधेच तोडता येत नाही, हा कागदाचा फायदा.

गेल्या वेळी उचललास तेव्हा काय म्हणालास, आठवतंय? मी विसरलेलो नाही.

"म्हाताऱ्या, वायर काकाकुव्यांनी कुरतडली. त्यात माझा काय दोष? माझा प्रोग्रॅम एकदाही पडला नाही. एकदाही!"

नाही पडला. खरंय. तुझा प्रोग्रॅम उभा राहिला आणि गायी पडल्या.

फर्गस, मी तुला हाताला धरून संगणकाची सी भाषा शिकवली. तू पहिल्या दिवशी शर्टाचं बटण चुकीच्या काजात घालून आला होतास, ते मी अजून शोनाला सांगितलेलं नाही. तेव्हा मी फळ्यावर एक चौकट काढली होती. टाकी, तिच्यातलं पाणी, पंपाचा दाब, सगळ्यांचे आकडे संगणकात कुठे ठेवलेत त्याचे पत्ते त्या चौकटीत. आणि म्हणालो होतो, की यातला एखादा पत्ता रिकामा असू शकतो. नल. कुठेच न नेणारा पत्ता. टाकीतलं पाणी मोजणाऱ्या यंत्राने उत्तर दिलं नाही की तो तसाच राहतो. न बघता त्या पत्त्यावर गेलास की प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळेल. म्हणून चौकटीतला माल एका ओळीत रचून उपग्रहाकडे पाठवण्याआधी प्रत्येक पत्त्याला विचारायचं, आहेस का? असेल तर आधी एक बाइट लिहायचा, 'पुढे आकडा आहे', आणि मग आकडा. नसेल तर तोच बाइट, 'आकडा नाही', आणि पुढे जायचं. तिकडे वाचणारा प्रोग्रॅमही आधी तो बाइट बघेल आणि पडद्यावर लाल अक्षरात लिहील: खबर नाही.

एवढंच. एक बाइट. तू तो काढून टाकलास.

का, तेही मला कळलंय. उपग्रहवाले बाइटमागे पैसे घेतात, हे एक. दुसरं म्हणजे लाल अक्षरं दिसली की रानावरचे लोक ऑफिसात फोन करतात आणि फोन घेणाऱ्या पोरी वैतागतात. मग तू काय केलंस? पत्ता रिकामा असेल तर मागच्या वेळचा आकडा पुन्हा लिहायचा. प्रोग्रॅम पडत नाही, कुणी फोन करत नाही, सगळे खूष. वर बैठकीत त्याला नाव दिलंस, 'सुरक्षित हाताळणी'. सुरक्षित कुणासाठी रे? तुझ्यासाठी? पोरींसाठी? की त्या गायींसाठी?

तुला पुरतं सांगतो, कारण तू विचारलंच नाहीस. मर्लच्या रानात पश्चिमेच्या बोअरवर काकाकुव्यांनी खांबावरच्या दोन्ही वायरी सोलल्या. पंपाची आणि टाकीतल्या यंत्राचीही. पंप थांबला. यंत्र मुकं झालं. या उन्हात गुरांनी टाकी दोन दिवसांत चाटूनपुसून संपवली असेल. मर्लच्या फोनवर मात्र रोज सकाळी तेच, टाकी भरलेली आहे. पूर्वी ती एक दिवसाआड ट्रक काढून सगळ्या बोअरची फेरी मारायची. तुझ्या कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, "बाई, आता कशाला हाडं खिळखिळी करता? फोनात बघा." तिने फोनात बघितलं.

गुरं पाणी सोडून जात नाहीत. हौद कोरडा पडला तरी तिथेच उभी राहतात, येईल म्हणून. तिला घारी दिसल्या, तेव्हा ती गेली. हौदाभोवती पडली होती, काही एकमेकींवर. ज्यांचे डोळे अजून हलत होते त्यांना तिने स्वतः गोळ्या घातल्या. तिथूनच, हौदाच्या कडेवर बसून, तिने मला फोन लावला. रडली नाही. म्हणाली, "ऑब्री, हा तुमचा फोन अजून म्हणतोय, टाकी भरलेली आहे."



ही एक टाकी. तुझा तोच प्रोग्रॅम आज क्लोनकरीपासून खाली थार्गोमिंडापर्यंत प्रत्येक रानावर चालतोय. त्यांतली कुठली टाकी खरंच भरलेली आहे आणि कुठली मागच्या आठवड्यात भरलेली होती, हे तुला ठाऊक नाही. मला नाही, कुणालाच नाही. आणि पुढचा आठवडा याहून तापणार आहे. मला भरपाई नको. माफीही नको, ती मर्लकडे माग. मला दोन गोष्टी हव्यात. तो बाइट परत घाल. आणि तो घालून होईपर्यंत एकेका घराला फोन करून सांग, की आमच्या आकड्यावर विसंबू नका, ट्रक काढा, डोळ्यांनी टाकी बघा. साहेब म्हणतील कंपनीची लाज जाईल. जाऊ दे! लाज जाऊन गायी जगतात.

तू म्हणशील, म्हातारा एका बाइटवरून किती बोलतो. हा बाइट मी कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही. आमची शाळा रेडिओवर भरायची. हेस्केथबाई शहरात बसून कविता सांगायच्या आणि आम्ही पोरं शेकडो मैलांवर, खोक्याला कान लावून, ती उतरवून घ्यायचो. मधेच खरखर यायची, आणि ओळ गेली. मग बाई एकेकाला त्याच रेडिओवरून म्हणून दाखवायला लावत. मला कवितेचं भलतं वेड. गेलेल्या ओळीच्या जागी मी माझी ओळ घालायचो, यमक जुळवून, ऐटीत. एकदा नदीवरची कविता होती. मी म्हटली. मग मर्लची पाळी. ती त्याच जागी थांबली आणि सरळ म्हणाली, "इथे ऐकू आलं नाही, बाई."

मी मागून तिला चिमटा काढला. "काहीतरी म्हण ना, बावळट!"

बाई म्हणाल्या, "ऑब्री, तुझी ओळ गोड आहे. पण ती कवीची नाही, आणि आता ती कवीची आहे असं सगळा वर्ग समजेल. मर्लने बरोबर केलं. जे आलं नाही, ते आलं नाही म्हणायचं."

त्या कविता अजून पाठ आहेत. रिकाम्या जागांसकट. संध्याकाळी ओसरीवर म्हणतो, आणि मर्ल जिथे थांबली होती तिथे मीही थांबतो. तुझ्या पडद्यावरची लाल अक्षरं म्हणजे माझ्या बहिणीचं ते वाक्य होतं, फर्गस. तू ते खोडून वर माझी ऐटीतली ओळ लिहिलीस.

चहा गार झाला. वरती काय लिहिलंय ते पुन्हा वाचलं, आणि एका ओळीशी अडकलो.

'मर्ल मजेत आहे.'

हे मी कशावरून लिहिलं? हौदावरून तिने केलेला तो फोन शेवटचा. त्यानंतर मी रोज लावतोय. वाजतो आणि थांबतो. मी स्वतःला सांगत होतो की तिकडे असंच असतं, फोन ट्रकमध्ये राहिला असेल, ती कुंपणावर गेली असेल. दुकानातल्या बाईने विचारलं, "बहीण कशीये?" म्हटलं, मजेत. पाद्र्याने विचारलं, म्हटलं, मजेत. मागच्या वेळचं पुन्हा लिहायचं. लोक पुढे विचारत नाहीत.

घरात ती, बंदूक आणि ती शांतता. आमचे वडील एव्हाना बूट घालून निघाले असते.

तेव्हा हे इथेच ठेवतो. मर्लची खबर नाही. असं लिहायला हवं होतं, वर, तिथेच. शेजारच्या रानावर डेन्झिलला फोन करतो, त्याला तिच्याकडे पाठवतो आणि मीही गाडी काढतो. जाताना हे टपालात

.

टपालात टाकलं नाही. 'टाकतो' लिहिणार तोच बाहेर ट्रकचं दार आपटलं. डेन्झिलचा नंबर शोधत दाराशी गेलो, तर जाळीपलीकडे मर्ल. केसांत तांबडी धूळ, ओठ फुटलेले, पायांत तेच बूट. क्लॅरीच्या दफनानंतर ती फाटकाबाहेर पडली नव्हती, आणि आता एवढा रस्ता एकटीने कापून आली होती.

"फोन कुठाय तुझा?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"हौदात टाकला. बघू म्हटलं, भरलेला आहे का." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, "कविराज, रडताय काय? बाजूला व्हा, पाणी द्या."

तिच्या खांद्यावर गोणी आहे. प्रत्येक गायीच्या कानातला पिवळा बिल्ला तिने कापून आणलाय. टेबलावर ठेवली तेव्हा आत खडखडली. पेलाभर पाणी एका दमात प्यायली आणि म्हणाली, "तो टाकी भरलेली आहे म्हणणारा राहतो कुठे?"

मी तुझा पत्ता सांगितला. आहे तो पत्ता, रिकामा नाही.

आत्ता ती ओसरीवर बसून माझे सॉसेज खातेय आणि मी हे शेवटचं खरडतोय. गाडी ती चालवणार म्हणते, माझ्या गुडघ्यावर तिचा भरवसा नाही. टपालाआधी पोचू. पत्र तिच्याच हातून मिळेल, आणि त्याबरोबर गोणी. तिच्यासमोर बसून वाच. मग तिच्यासमोरच फोन फिरवायला घे, पहिल्या रानापासून.

दार वाजेल. घरात कुणी नाही असं भासवू नकोस.

तुझा,
अजूनही तुझाच, आणि म्हणून एवढा संतापलेला,
ऑब्री