हनाटियुक कुटुंबाचं पान

मी, आल्मा गुद्रुन टोर्स्टाड, वय वर्षं चौऱ्याऐंशी, अविवाहित, हॉवरुड गावच्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेली, राहणार खालची आळी, हॉवरुड, सस्कॅचेवान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्तीचे प्रयत्न झाले, ते पुढे योग्य त्या कलमात येतील. माझे गुडघे गेले आहेत, डावा कान गेला आहे. पण काय झालं, कुठे झालं आणि कोणी केलं हे मला नीट आठवतं, आणि गावातल्या बऱ्याच जणांची अडचण तीच आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं, विशेषतः २००५ साली माझा पुतण्या डेल याने मला स्वतःच्या गाडीतून वकिलाकडे नेऊन करवून घेतलेलं, रद्द समजावीत.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी व्हेर्ना क्लिपेनस्टाइन हिने करावी. ती गावचं पोस्ट सांभाळते, म्हणजे तिला सगळं माहीत असतं आणि तरी तिचं तोंड बंद असतं. असं दुसरं माणूस हॉवरुडमध्ये नाही.

कलम २. राहतं घर विकावं आणि येईल ती रक्कम गावच्या वाचनालयाला द्यावी. घेणाऱ्याला आधी तळघर दाखवावं. तिथे भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला मातकट रेघ आहे, ती २०११ च्या एप्रिलमधल्या पुराची. दलाल त्यावर रंग मारायला सांगेल. मारू नये.

कलम ३. आईचा लेफ्सा, म्हणजे बटाट्याची नॉर्वेजियन पोळी, भाजायचा मोठा तवा आणि लांब लाटणं व्हेर्नाला द्यावं. ती नॉर्वेची नाही, तरी तिची लेफ्सा कागदासारखी पातळ होते. डेलच्या बायकोने तवा दोनदा मागितला. जी बाई डब्यातला सुका बटाटा पाण्यात कालवून लेफ्सा लाटते आणि वर ती चर्चच्या जेवणात आपल्या सासूच्या नावाने वाढते, तिच्या हाती तो तवा जाऊ नये. हे कलम मी रागाने लिहिलेलं आहे आणि ते तसंच राहू द्यावं.

कलम ४. शाळेतला गावाचा आणि वरच्या शेतांचा भिंतीवरचा नकाशा, जो शाळा बंद झाली तेव्हा कचऱ्याच्या ट्रकमधून मी परत उतरवून घेतला, तो कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, रिंकमध्ये कॉफीच्या टेबलासमोर खिळे ठोकून लावावा. म्हणजे तिथे बसून हवामानावर बोलणाऱ्यांना तो बघावाच लागेल.

या नकाशाबद्दल चार शब्द लिहिणं भाग आहे. हॉवरुड खोलगट जागी वसलं आहे, आणि ते कोणा शहाण्याने ठरवून वसवलेलं नाही. १९०८ साली रेल्वेवाल्यांना वाफेच्या इंजिनांसाठी पाणी हवं होतं, म्हणून त्यांनी स्टेशन ओढ्याकाठी, सगळ्यात सखल जागी टाकलं, आणि स्टेशनाभोवती गाव बसलं. पुढे वाफेची इंजिनं गेली, मग रूळ गेले, मग धान्याची उंच कोठी पाडली. गाव मात्र त्याच खड्ड्यात राहिलं. ते इतकी वर्षं कोरडं राहिलं याचं कारण वरच्या शेतांमधली तळी. बर्फ वितळलं की पाणी त्या तळ्यांत थांबायचं आणि उन्हाळाभर जिरायचं.

दर वर्षी मे महिन्यात मी पाचवीच्या मुलांना घेऊन वरची शेतं पायी फिरायचे. मुलं तळी मोजायची आणि परत आल्यावर नकाशावर निळ्या खडूने भरायची. १९६३ साली एक्केचाळीस तळी भरली. १९७४ साली मी एक विसरले होते, ते ओढ्याच्या वळणामागचं, आणि एका मुलाने हात वर करून मला ते दाखवलं. तो मुलगा डेल. गेल्या मे महिन्यात व्हेर्नाच्या गाडीतून फिरून मी पुन्हा मोजलं. सहा उरली आहेत. बाकीची ज्यांनी चर खणून रिकामी केली, त्यातल्या बहुतेकांनी ती माझ्या वर्गात निळ्या खडूने रंगवली होती. पाणी वरून खाली जातं एवढं मी त्यांना शिकवलं होतं. त्यांनी ते शिकून घेतलं आणि आपल्या शेतातलं पाणी खाली सोडलं. मला त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग याचा येतो की रस्त्यात भेटले की ते अजून टोपी काढून मला 'बाई' म्हणतात.

कलम ५. ओढ्याच्या उत्तरेची एकशे साठ एकर जमीन. गावात तिला 'आल्माचं पाणी' म्हणतात. ही जमीन माझ्या वडिलांनी, टोर्स्टाइन टोर्स्टाड यांनी, मरताना माझ्या नावे केली. वरची कोरडी जमीन माझा भाऊ आयव्हर याला मिळाली, आता ती त्याच्या मुलाची, डेलची आहे. बुडालेली जमीन बाईमाणसाला, हा हिशेब बाबांनी जाहीर बोलून दाखवला होता.

डेलला त्याच्या शेतातली शेवटची तळीही रिकामी करायची आहेत. त्यासाठी माझ्या जमिनीतून ओढ्यापर्यंत खोल चर हवा. गेल्या महिन्यात तो स्वयंपाकघरात येऊन बसला, स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि म्हणाला, "आत्या, तिथं नुसतं पाणी साचलंय. बदकं सोडून कोणाला उपयोग आहे गं त्याचा?"

"पाणी सोडलंस तर कुठे जाईल?"

"ओढ्याला."

"आणि ओढा?"

"पुढं जातो की."

"पुढं काय आहे, डेल?"

त्याने कपात आणखी कॉफी ओतली. मग म्हणाला, "२०११ ला बर्फच जास्त पडलं होतं. सगळे तेच म्हणतात. तू एकटीच उकरून काढतेस."

"सगळे म्हणतात, कारण रिंकचं छप्पर तू फुकट बसवून दिलंस."

"मग काय वाईट केलं? गावासाठीच करतो ना मी?" तो उठला. "तुझ्यानंतर ती जमीन माझ्याकडेच येणार आहे, आत्या. आज नाही तर दोन वर्षांनी. कशाला वाकड्यात शिरतेस?"

तर डेल, ती तुझ्याकडे येणार नाही. तुझ्या वरच्या तळ्यांचं पाणी आणि हे गाव यांच्यामध्ये एवढी एकच जमीन उरली आहे. ती मी मारुस्या हनाटियुक, लग्नानंतरचं आडनाव बेल, राहणार कामलूप्स, ब्रिटिश कोलंबिया, हिला आणि तिच्यामागे तिच्या मुलीला देत आहे. मूळ जमीन त्यांचीच होती.

कलम ६. १९८० साली प्रांताला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा आसपासच्या प्रत्येक गावाने आपल्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक काढलं, तसं आपणही काढलं. संपादन माझं. रीत अशी ठरली की प्रत्येक कुटुंबाने आपलं पान आपणच लिहायचं, आणि त्यात कोणी काट मारायची नाही. म्हणून त्या पुस्तकात सहाशे पानांत एकही दारुडा नाही. पण जे गाव सोडून गेले होते त्यांचं पान कोणी लिहायचं? समितीने ठरवलं, शेजाऱ्याने. हनाटियुकांचे शेजारी आम्ही. त्यांचं पान आयव्हरने लिहिलं. ते चार ओळींचं होतं आणि शेवटची ओळ होती, "वडिलांच्या प्रकृतीमुळे १९५९ साली कुटुंब पश्चिमेला स्थलांतरित झाले."

मी त्याला म्हटलं, "आयव्हर, हे खोटं आहे."

तो म्हणाला, "बाबांना जाऊन तीन वर्षं नाही झाली, आल्मा. आणि ठरलंय ना, काट मारायची नाही म्हणून."

मी ते पान स्वतः टंकलं. स्वल्पविरामही दुरुस्त केला.

या सप्टेंबरात व्हेर्नाने मारुस्याचा नंबर शोधून दिला. मी फोन केला. म्हटलं, "मारुस्या, टोर्स्टाड बाई बोलतेय. हॉवरुडहून."

ती म्हणाली, "भूगोलाच्या? बाई, तुम्ही अजून आहात?"

"आहे. थोडं काम राहिलंय."

मी जमिनीचं सांगितलं. ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "त्र्याहत्तर वर्षांची आहे मी, बाई. तिथं येऊन आता गहू पेरू का?"

"पेरू नकोस. पाणी तसंच राहू दे."

"ते पाणी आमचं नव्हतंच हो. तुमच्याकडून आलं होतं." मग ती म्हणाली, "तुमचं ते पुस्तक कोणीतरी आईला पाठवलं होतं. तिनं आमचं पान फाडून चुलीत घातलं. माझे बाबा आजारी नव्हते. तीन वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून तुमचा चर बुजवत होते ते. जमीन द्या, नका देऊ, माझी मुलगी काय ते बघून घेईल. ते पान बदला आधी."

"दोन्ही करते," मी म्हटलं.

"एवढी वर्षं का नाही केलंत?"

याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. ते पुढच्या कलमात देत आहे.

कलम ७. माझ्या तळघरात छताखालच्या फळीवर त्या पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती आहेत, पुरात फक्त त्याच वाचल्या. व्हेर्नाने खालचं पान छापून घ्यावं, प्रत्येक प्रतीत जुन्या पानावर चिकटवावं आणि प्रती घरोघरी द्याव्यात. ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्यांनाही पान द्यावं. शिवाय माझ्या अंत्यविधीला, कॉफी आणि सँडविच यायच्या आधी, ते डेलने मोठ्याने वाचावं. कॉफीनंतर कोणी थांबत नाही. डेलने नकार दिला तर पाद्रीबाईंनी वाचावं, आणि डेल कुठल्या बाकावर बसला आहे ते आधी सांगावं. माझ्याबद्दल दुसरं काही बोलू नये. पान असं:

"हनाटियुक. पेट्रो आणि पारास्का, मुलगी मारुस्या. १९३२ ते १९५९. ओढ्याच्या उत्तरेच्या एकशे साठ एकरांवरची झाडी तोडून, दगड वेचून ती जमीन त्यांनी लागवडीला आणली. गहू, ओट आणि घरापुरता लसूण. १९५६ च्या शरदात शेजारी टोर्स्टाइन टोर्स्टाड यांनी चर खणून आपल्या तीन तळ्यांचं पाणी या जमिनीवर सोडलं. पेट्रोने चर तीनदा बुजवला, टोर्स्टाडने तीनदा उघडला. पेट्रोने ग्रामसभेत तक्रार केली. सभेतल्या सातांपैकी पाच जणांना स्वतःच्या शेतात असेच चर खणायचे होते, त्यामुळे तक्रार लिहून घेतली नाही. १९५९ च्या मे महिन्यात त्यांनी जमीन टोर्स्टाडलाच विकली, कारण बुडालेलं शेत दुसरं कोणी घेईना. त्यानंतर पेट्रोने कामलूप्सला एका लाकडाच्या गिरणीत सोळा वर्षं काम केलं, आणि त्याच्या मुलीच्या सांगण्याप्रमाणे तो एक दिवसही आजारी म्हणून घरी राहिला नाही.

जायच्या आदल्या दिवशी तो मुलीचा शाळेचा दाखला न्यायला आला. त्याच्या बुटांना ओला चिखल होता. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना होता. शिक्षिका एकवीस वर्षांची होती, टोर्स्टाडची मुलगी होती, आणि काय लिहायचं हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. तिने 'वडिलांची प्रकृती' असं लिहिलं, आणि तेच शाळेच्या नोंदवहीतही उतरवलं. पेट्रोला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तिचे आभार मानले. आयव्हरने पुस्तकातलं वाक्य शाळेच्या नोंदवहीतून उतरवून घेतलं. ते पहिल्यांदा मी लिहिलं होतं."

वरील सर्व मी वाचून पाहिलं, आणि त्यातला एकही शब्द मला बदलायचा नाही.

आल्मा गुद्रुन टोर्स्टाड (सही)

आमच्या दोघांच्या देखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही केली:
१. कॅरन ऑफ्टेडाल, पाद्री, हॉवरुड ल्यूथरन चर्च (सही)
२. लॉइड प्रिबिल, कर्लिंग रिंकचा रखवालदार, खालची आळी (सही)

ठिकाण: हॉवरुड, सस्कॅचेवान
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२२