अर्धं मत

अंधेरी, मुंबई
४ ऑगस्ट १९९६

ती. दादा व सौ. आई यांस,
रश्मीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते आहे आणि वजन अजिबात घटलेलं नाही. आईचे प्रश्न संपले, आता खरी बातमी. आमच्याकडे सध्या विमानांपेक्षा पायलटच जास्त हवेत आहेत! कंपनीने तीन वर्षांच्या नव्या कराराचा प्रस्ताव ठेवलाय. कॅप्टन लोकांचा पगार भरघोस वाढणार, आम्हा को-पायलटांचाही थोडाफार. पण शेवटी एक कलम घुसडून दिलंय. कंपनी परदेशातून तयार कॅप्टन आणणार आणि तीन वर्षं एकाही को-पायलटला कॅप्टन करणार नाही. दादा, माझा नंबर या दिवाळीत होता हो!

प्रस्ताव घ्यायचा की फेटाळायचा, यावर आमची पायलट संघटना मतदान घेणार आहे. मतदान म्हटलं की तुमच्या अंगात येतं, मला ठाऊक आहे, पण जरा दम धरा. संघटनेच्या नियमात को-पायलटचं मत अर्धं धरतात. दोन को-पायलट मिळून एक कॅप्टन! आणि हा नियम बदलायचा झाला, तर कॅप्टन लोकांनीच सभेत हात वर करून बदलायचा. आमच्यात यावरून दोन तट पडलेत. तुषार म्हणतो, अर्धं तर अर्धं, मिळतंय ते वापरून घेऊ. मी म्हणते, आधी मत पूर्ण करा, मग पेटी आणा. काल आम्ही इतके भांडलो की कँटीनवाल्याने चहाच बंद केला.

संघटनेचे सेक्रेटरी कॅप्टन मच्छिंद्र, म्हणजे ते आपल्या काष्टीचे, ज्यांच्याबरोबर माझी ड्यूटी नेहमी लागते. माणूस सोन्यासारखा, मला पावसाळ्यातलं लँडिंग त्यांनीच शिकवलं. पण या बाबतीत हटून बसलेत. अनुभवाला काही वजन नको का, म्हणतात. सभा अठरा तारखेला आहे. मला रात्री झोप लागत नाही, आणि गंमत म्हणजे दिवसा दमायलाही होत नाही.

माझ्यावरची माया अशीच राहू द्या.
तुमची
रश्मी


नेवासा
११ ऑगस्ट १९९६

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. नाझर म्हणून माझी हयात कोर्टात गेली, पण अर्धा साक्षीदार काही मी पाहिला नाही. तुझे आजोबा पहिल्या निवडणुकीत पाटलाच्या मागे, त्याच रांगेत उभे राहिले होते. परत आल्यावर दिवसभर नुसते हसत होते, असं आई सांगायची. त्यांच्या नातीचं मत मुंबईत अर्धं? हे मला मान्य नाही.

तेव्हा आता रागावू नकोस. आपल्या जिल्ह्यात कारखान्याची निवडणूक असो नाहीतर पतसंस्थेची, मतदाराला कुणी धरत नाही, त्याच्या पाहुण्यांना धरतात. शेजारच्या पुंजारामला जीप काढायला लावली आणि काल शनिवारी काष्टी गाठली. बाजाराचा दिवस, गुराढोरांतून वाट काढत कॅप्टनसाहेबांचं घर शोधलं. त्यांच्या मातोश्री बनुबाई ओट्यावर लसूण निवडत बसल्या होत्या. मी कोण, कुठला, सगळं सांगितलं. त्यांनी आधी चहा पाजला, मग सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, की पोरगी माझ्या मच्छिंद्राच्या शेजारीच बसती व्हय? मी हो म्हणालो. तर म्हणतात कशा, की मग ह्याला वर भोवळ आली तर ती काय निम्मंच इमान खाली आनती?

रश्मी, मी उठून त्या माउलीला हात जोडले! लेकाला मीच फोन लावते, तुमी निवांत ऱ्हावा, असं त्यांनी कबूल केलंय. परत येताना पुंजाराम आणि मी नगरपर्यंत गप्पच बसू शकलो नाही. अजून कोणा कॅप्टनचं आजोळ, सासुरवाडी इकडे असेल तर कळव. जीप तयार आहे.

सभेचा वृत्तांत सविस्तर लिही. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
तुझा दादा


अंधेरी, मुंबई
२० ऑगस्ट १९९६

ती. दादांस,
सप्रेम जय भीम.

दादा, काय करून बसलात हे! बनुबाईंनी फोन लावला तो थेट संघटनेच्या ऑफिसात, कमिटीची बैठक चालू असताना. एसटीडी बूथवरून बोलताना त्यांचा आवाज इतका चढला होता, की रिसीव्हर कानापासून लांब धरून सगळी कमिटी ऐकत होती. दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी कोणाबरोबर? त्यांच्याचबरोबर! गोव्याला जाऊन येईपर्यंत कामापलीकडे एक अक्षर बोलले नाहीत. तुषारने मला सरपंचबाई म्हणायला सुरुवात केली. मला कॅप्टन करायचं की नाही, त्या परीक्षेचा शेरा हेच मच्छिंद्रसाहेब लिहिणार, हे तुमच्या ध्यानात तरी आलं होतं का? दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

आणि आता सभेचं ऐका. हॉल भरून माणसं भिंतीला टेकली होती. अर्ध्या मताचा विषय निघाला तसे साहेब उठले. मी पायांकडे बघत होते. ते म्हणाले की एका सभासदाच्या वडिलांनी माझ्या घरी जाऊन प्रचार केला, ते मला आवडलं नाही, अजूनही आवडलेलं नाही. मग म्हणाले, पण माझ्या आईने मला एक प्रश्न विचारलाय, आणि तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही. तो प्रश्न त्यांनी जशाच्या तसा, काष्टीच्या बोलीत, सगळ्या सभेला ऐकवला. आधी हशा उसळला. मग हसणं थांबलं. आणि साहेबांनी स्वतःचा हात वर केला.

दादा, हळूहळू हात वर गेले, पुढच्या रांगेतून, मग मागून! ठराव मंजूर! आता एकोणतीस तारखेला गुप्त मतदान, आणि माझं मत पूर्ण! तुमच्यावर मी रागावलेलीच आहे, पण तो राग आता मला नीट धरून ठेवता येत नाहीये.

मात्र यापुढे जीप दारातच राहू द्या. तुमच्या आशीर्वादाची भुकेली,
रश्मी


नेवासा
२५ ऑगस्ट १९९६

चि. रश्मीस,
आईचे आशीर्वाद.

बाळा, मी एवढ्यातेवढ्याला पत्र लिहीत नाही, म्हणून हे जपून वाच. तुझं पत्र आल्यापासून ह्यांचे पाय जमिनीवर नाहीत. विहारात, बाजारात, कोर्टाच्या आवारात, भेटेल त्याला सांगतात की रश्मी या दिवाळीला कॅप्टन होणार. परवा बँडवाल्याला विचारून आले, तारीख मोकळी आहे का म्हणून! मी म्हटलं, अहो, मत पूर्ण झालंय, निकाल लागायचाय. तर म्हणतात, तुला राजकारणातलं काय कळतं.

प्रवरेला पाणी चढलंय, घराकडे काही भीती नाही. मला भीती ह्यांची वाटते. तू हरलीस तर तू सावरशील, तू माझ्यावर गेली आहेस. ह्यांचं काय करायचं ते मात्र सुचवून ठेव. दुखणं अंगावर काढू नकोस, पावसात भिजू नकोस.

तुझी
आई


अंधेरी, मुंबई
२ सप्टेंबर १९९६

ती. दादा व सौ. आईस,
सप्रेम जय भीम.

बातमी तुम्हाला फोनवर कळलीच आहे. बूथवाल्याने निरोप नीट दिला की नाही कोण जाणे, म्हणून पुन्हा लिहिते. आम्ही हरलो. नऊ मतांनी. आमच्यातल्याच काहींनी पगारवाढीला होकार दिला असणार. कोणी, ते मी विचारणार नाही. मी कॅप्टन होणार नाही, दादा. तीन वर्षं तरी नाही. त्या रात्री मी खूप रडले, हे तुमच्यापासून लपवत नाही.

पण पुढचं ऐका. दुसऱ्याच दिवशी आमची सगळी पोरं माझ्या खोलीवर जमली. तुषारच आता सगळ्यात जास्त पेटलाय. म्हणतो, सगळ्या को-पायलटांनी एकदम आजारी पडायचं, विमानं जागेवर बसली की कंपनी गुडघे टेकते. आणि पुढे कोणी व्हायचं, तर मी! माझ्याच शब्दावर सगळे इथवर आले होते. दादा, एक क्षण मलाही वाटलं, करावं. फार वाटलं.

मी नाही म्हणाले. मत पूर्ण धरा, म्हणून भांडले मी. ते पूर्ण धरलं, पूर्ण मोजलं. मग हरल्यावर ते हरणंही पूर्ण मानायला नको का? तुषार मला फितूर म्हणून गेला. दोघी मैत्रिणी बोलत नाहीत. मी आज सकाळी सहाची ड्यूटी केली. शेजारी मच्छिंद्रसाहेब होते. त्यांनी नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं, मीही म्हटलं, आणि आम्ही विमान घेऊन गेलो.

तुम्ही दुखावला असाल. तुम्ही बोललात तर मी ऐकून घेईन, पण मन बदलणार नाही. एवढं समजून घेऊन मला आपली म्हणा.
रश्मी


नेवासा
७ सप्टेंबर १९९६

चि. रश्मीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला त्या दिवशी मी तुला लांबलचक पत्र लिहिलं होतं. रजा टाक, कोर्टात जा, वकील मी बघतो, असं बरंच काही होतं त्यात. ते चार-पाच दिवस तसंच पडून होतं. आज सकाळी टपालात टाकायला निघालो आणि दारातच तुझं पत्र हाती पडलं. निकाल मी कुणालाच सांगितला नव्हता, माणसं तो ऐकायला जमलीच होती, म्हणून ओट्यावरच मोठ्याने वाचायला घेतलं. हरणंही पूर्ण मानायला नको का, इथपर्यंत आलो आणि पत्र तुझ्या आईच्या हातात दिलं. राहिलेलं तिने वाचून दाखवलं. पुंजारामने विचारलं, म्हंजी कॅप्टन न्हाई झाली व्हय? तुझी आई म्हणाली, न्हाई झाली. आणि पत्र घडी घालून तिने स्वतःच्या कमरेला खोचलं. ते ती मला परत देत नाही.

माझं पत्र मी फाडलं. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाईट वाटतं. पण हरलेल्या बाजूचा माणूस मुकाट वेळेवर कामावर गेलेला आपल्या जिल्ह्यात मी तरी पाहिलेला नाही.

एक गोष्ट कुणालाच बोललो नव्हतो. तू कॅप्टन झाल्याशिवाय विमानात पाऊल ठेवायचं नाही, असं मनाशी पक्कं ठरवलं होतं. आता थांबत नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मुंबईला येतो. तू जिथे बसतेस, त्याच खुर्चीत बस, आणि आम्हाला तुझ्या विमानातून घेऊन चल.

भेटीची वाट पाहणारा,
तुझा दादा